दुर्लक्षित : एक

मला पत्रक लिहिता येतं. एवढंच येतं म्हटलं तरी चालेल. वर सवाल, मधे पुरावा, खाली मागणी, आणि एकाही वाक्यात ‘कदाचित’ नाही. इस्लामपुरात एका छापखान्याच्या माडीवर आमच्या संघटनेची खोली आहे. खाली मशीन सुरू झालं की वर टेबलावरचे कप सरकतात. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतल्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या बायकांचं काम आम्ही तिथून बघतो.

त्या सकाळी नऊ वाजता मी एका मजूर-ठेकेदारावर पत्रक लिहीत होते. त्याच्या हजेरीच्या ॲपमधले कामगारांच्या आधार कार्डांचे फोटो कुणालाही उघडून बघता येत होते. मला राग आला होता, आणि राग आला की माझं पत्रक चांगलं उतरतं. शेवटी मी लिहिलं : ‘आमचं स्वतःचं तक्रारींचं संकेतस्थळ आम्ही नियमित तपासतो. आज सकाळचा निकाल : एकही दोष नाही.’ पुराव्याशिवाय ओळ छापायची नाही हा आमचा नियम. म्हणून निकाल काढायला लॅपटॉप उघडला.

ते संकेतस्थळ मी आणि आष्ट्याचा माझा एक सहकारी, आम्ही दोघांनी बांधलं होतं. बांधलं म्हणजे थोडं लिहिलं आणि बाकीचं जोडलं. फोटो चढवायचा तुकडा कुणीतरी लिहून जगासाठी फुकट ठेवलेला असतो, तारीख दाखवायचा आणखी कुणी. त्या तुकड्यांना पुन्हा दुसरे तुकडे लागतात. आमच्या हातचं जेवढं होतं त्याच्या कितीतरी पट माल परक्यांचा. त्यातला एक जरी किडका निघाला तरी दार आपलं उघडं राहतं. ते शोधायला एक अवजार आहे. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की ते सगळ्या तुकड्यांची यादी काढतं आणि आजवर उघड झालेल्या दोषांच्या यादीशी ताडून बघतं.

ओळ टाइप केली. अर्ध्या मिनिटात निकाल आला. सापडलेले दोष : शून्य. तो पत्रकात उतरवायला वळले आणि त्याच्या खालची ओळ दिसली. इतके महिने ती तिथंच असणार. बारीक, करड्या अक्षरांत.

दुर्लक्षित : एक.

म्हणजे अवजाराला दोष सापडला होता, आणि हा मोजू नकोस म्हणून कुणीतरी त्याला सांगून ठेवलं होतं.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

सहकारी खिडकीपाशी पोहे खात होता. “काय कुणी केलं?”

“दोष लपवलाय. आपल्यात. आपण गावभर लोकांना उघडं पाडत फिरतो आणि इथं…”

“अगं हळू. खाली छापखान्यात ऐकू जातंय.”

“जाऊ दे. तूच केलं असशील. लाल अक्षरं दिसली की तुझ्या पोटात दुखतं.”

त्याने ताटली ठेवली, हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, “कुठला बदल कुणी केला, कवा केला, सगळं लिहिलेलं असतंय. बघ की. माझं नाव निघालं तर महिनाभर चहा माझा.”

बघितलं. नाव माझं होतं. शेजारी माझीच टीप : ‘कार्यक्रमानंतर बघू.’

त्याने ताटली पुन्हा उचलली. चहाचं बोलला असता तर बरं झालं असतं.

आमच्याकडे कुठलीच गोष्ट कार्यक्रमाशिवाय सुरू होत नाही. संकेतस्थळसुद्धा नाही. पाच महिन्यांपूर्वी सांगलीत हॉल घेतला होता. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर लॅपटॉप, लॅपटॉपसमोर हळदकुंकू लावलेला नारळ. अकरा वाजता पाहुण्या बाई कळ दाबणार आणि स्थळ सुरू होणार. सव्वादहाला मी शेवटचा बदल चढवायला गेले आणि अवजाराने अडवलं. दोष असेल तर पुढे जाऊ द्यायचं नाही, हा नियम मीच घातला होता, आणि घालताना सगळ्यांना भाषण दिलं होतं. दोष फोटो चढवायच्या तुकड्यात होता. त्याची नवी आवृत्ती बसवली तर फोटोच दिसेनात. सर, म्हणजे आमचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, ते स्टेजवरून वाकून विचारत होते, “झालं का गं? पाहुण्या पुलावर आल्यात.” मी एक ओळ लिहिली. अडथळा गेला. नारळ फुटला. फोटोत मी हसताना आहे.

कार्यक्रमानंतर जेवणं झाली. मग एक मोर्चा आला, मग दुसरा. बघायचं राहिलं ते राहिलंच.

आता तो दोष काय आहे ते पहिल्यांदा नीट वाचलं. ठरावीक तऱ्हेने लिहिलेला पत्ता पाठवला, तर तो तुकडा फोटोऐवजी सर्व्हरवरची दुसरी कुठलीही फाइल काढून देतो. तक्रारींचीसुद्धा.

कुणी काय मागितलं याची नोंद सर्व्हर ठेवतो, पण आमचा सर्व्हर स्वस्तातला, दोन आठवड्यांपलीकडचं पुसून टाकणारा. सहकारी एकेक ओळ बघत होता. मधेच म्हणाला, “थांब.” सोमवारची दुपार. ठिपक्यांनी भरलेला एक लांबलचक पत्ता, शेवटी आमच्या तक्रारींच्या फाइलीचं नाव. आणि पुढे सर्व्हरचा जबाब : दिली.

मागणाऱ्याच्या जागी फक्त आकडे होते, कुठल्याशा परदेशी यंत्राचे. जगातल्या प्रत्येक दारावर टकटक करत फिरणारी यंत्रं असतात, त्यातलंच एखादं असेल. फाइलीला आम्ही ठेवलेलं नाव निम्मं जग ठेवतं, त्यामुळे यंत्रालाही ते सुचू शकतं. किंवा यंत्रामागे माणूस बसलेला असेल. कळायला मार्ग नव्हता.

बहुतेक बायकांनी नाव न देता लिहिलं होतं. पूर्ण नाव, गाव, कंपनी, शिफ्ट, सगळं देणारी एकच होती. शिरवळजवळच्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम करणारी वहिनी. तिचे मालक फौजेत, ती सासूसासऱ्यांबरोबर गावात. मशीनमध्ये हात गेला की मशीन थांबवणारा एक सेन्सर असतो. माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझरने त्यावर टेप चिकटवली होती. एका पोरीचं बोट गेलं. वहिनीने टेपचा फोटो काढून पाठवला. नाव घालायला ती तयार नव्हती. ‘खरं नाव असलं की तक्रारीला वजन येतं,’ असं तिला मी सांगितलं होतं. आमच्या पत्रकावरही तसं छापलं होतं, आणि त्याच्या खालच्या ओळीत : ‘तुमचं नाव कुणालाही कळणार नाही.’

सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, “स्थळ बंद करू नकोस. बंद केलं तर बायका पुन्हा बोलायच्या नाहीत. आणि तिला काय सांगणार आहेस? काही झालंय की नाही हेच आपल्याला माहीत नाही. उगाच घाबरवू नकोस. दोन दिवस थांबू.”

“सर, ठेकेदार असं बोलला असता तर मी काय छापलं असतं?”

“तू काहीही छापलं असतंस,” सर म्हणाले.

ते खरं होतं. फोन ठेवण्याआधी मी स्थळ बंद केलं होतं.

वहिनीची त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती, तीनची. फोन लागत नव्हता. साडेदहाची पुणे गाडी मिळाली. कराडला लावला, साताऱ्याला लावला, तीच बाई तेच सांगत होती, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. मांडीवर वही घेऊन काय बोलायचं ते लिहायला बसले. पहिलं वाक्य झालं : ‘काही तांत्रिक कारणांमुळे…’ असली वाक्यं मी लाल पेनाने खोडून लोकांच्या अंगावर फेकते. पान फाडलं. खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा घड्याळात पावणेदोन झाले होते आणि मला गाडी हळू जावी असं वाटत होतं.

उड्डाणपुलाखाली कंपन्यांच्या बायकांना उतरवणाऱ्या जीपा थांबतात. दोन वीसला ती उतरली, डबा काखेत.

“म्याडम? तुमी इकडं कशा? मिटिंग हाय व्हय?”

“वहिनी, तुमची तक्रार कुणीतरी वाचली असेल.”

तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. “कुणी?”

“माहीत नाही.”

“कंपनीनं?”

“माहीत नाही.”

“मग म्हाईत काय हाय तुमाला?”

सांगितलं. दोष, ती ओळ, हॉल, नारळ, पाच महिने. चहाच्या टपरीच्या बाकावर बसून ती ऐकत होती आणि कारखान्याच्या रस्त्याकडे बघत होती.

“म्हंजी तुमचं मशीन बोंबलत हुतं,” ती म्हणाली, “आन् तुमी टेप लावली.”

“हो.”

“आमचा सुपरवायझरबी असंच म्हनतोय. आजचा माल जाऊ दे, मग काढतो.”

मी मान हलवली. भांडायची सवय असलेल्या माणसाला भांडायला काहीच उरलं नाही की हात कुठं ठेवावे ते कळत नाही.

“नाव नगं म्हनत हुते मी,” ती पुढे म्हणाली. आवाज चढवला नाही. “ह्या पट्ट्यात सगळ्या कंपन्यांस्नी मानसं पुरवनारा एकच ठेकेदार. एकीनं काढलं की दुसरी घेत न्हाई. सासू म्हनंल, बरं झालं, बस घरात. तुमी जाशीला इस्लामपूरला.”

“आज जाऊ नका आत. मी सरांना सांगते, आपण वकील…”

“न्हाई गेले तर गैरहजर. मग तर त्यास्नी कारनच गावलं.” तिने चहा अर्धा ठेवला. “पुसा.”

“काय?”

“माजी तक्रार. आत्ता. माज्यासमोर.”

मांडीवर लॅपटॉप उघडला, फोनवरून जोडला. तिचं नाव पडद्यावर आलं तेव्हा तिने मान पुढे करून वाचलं, मग फोटो बघितला. मी पुसलं.

“गेलं?”

“आपल्याकडून गेलं. ज्याने घेतलं असेल त्याच्याकडून नाही.”

“ते कळलं मला,” ती म्हणाली, आणि उठली.

त्या फोटोबरोबर टेपचा आमच्याकडचा एकमेव पुरावाही गेला. त्या मशीनबद्दल आता आमच्याकडे एक अक्षर नाही, आणि ते मशीन चालूच आहे.

मी तिच्याबरोबर गेटपर्यंत चालत गेले, म्हणजे ती पुढे आणि मी वीस पावलं मागे, तिनेच तसं सांगितलं होतं. निघताना एवढंच म्हणाली की कंत्राटी बाईला काढलं हे कुणी तोंडानं सांगत नाही. “अंगठ्यावर कळतंय. मशीनीनं घेतला न्हाई की समजायचं.”

गेटाच्या आत अंगठ्याचं यंत्र. समोर बायकांची रांग. रस्त्याच्या पलीकडे एका कंटेनरच्या आडोशाला मी उभी राहिले. अंगठा, चीं, पुढची. अंगठा, चीं, पुढची. तिचा नंबर आला. तिने अंगठा ठेवला आणि आवाज आला नाही.

वॉचमन काहीतरी बोलला. तिने अंगठा पदराला पुसला. मागची बाई हसली, तिला कोपराने ढकललं. पुन्हा ठेवला. नाही. मला रस्ता ओलांडून जायचं होतं, आणि मी गेले असते तर तिचं आणि माझं नातं त्या वॉचमनला त्याच क्षणी कळलं असतं. मी कंटेनरचा पत्रा धरून उभी राहिले, उन्हाने तापलेला. ती अंगठ्यावर फुंकर मारत होती. तिसऱ्यांदा ठेवला.

चीं.

ती आत गेली. मागे बघितलं नाही.

ठेकेदारावरचं पत्रक त्या आठवड्यात छापलं नाही. आधी आमच्यावरचं छापलं, एकपानी, काय झालं आणि कुणामुळे. सरांनी दोन दिवस सही केली नाही, तिसऱ्या दिवशी केली. वाटायला मी स्वतः गेले. शिरवळच्या पुलाखाली एका बाईने ते उभ्याउभ्या वाचलं, घडी करून मला परत दिलं आणि जीपमध्ये बसली. तक्रारी येणं जवळजवळ थांबलं आहे. सर ते बोलून दाखवत नाहीत.

त्या दिवशी रात्री शिफ्ट सुटल्यावर वहिनीचा मेसेज आला होता : रोज गेटात शिरले की मिस कॉल देते, उचलू नका, न्हाई आला तर समजा. पहिल्या शिफ्टला पावणेसातला येतो, दुसऱ्या शिफ्टला पावणेतीनला. रविवारी येत नाही, तरी मी रविवारीही फोन हातात घेऊन बसते. गेल्या आठवड्यात एकदा तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत आला नव्हता. मी चपला घालून जिन्यात उभी होते, गाडीच्या वेळा सहकाऱ्याला विचारत. मग दोनदा वाजला आणि थांबला.

उचलला नाही. जिना चढून वर आले.