अस्वलाची चाल

सूनबाईने आवाज बंद करून मोबाइल नातीच्या हातात दिला होता. त्यात हाताने चितारलेलं एक जुनं अस्वल घराकडे चाललं होतं. माझी बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप वाजू लागली आणि प्रत्येक थाप त्याच्या पावलावर पडली. तेव्हा ओळखलं, ही आमच्या मास्तरांची फिल्म.

मास्तर हलती चित्रं काढायचे, पण त्यांची रीत उलटी. आधी माझी ढोलकी टेपवर घ्यायची, मग त्या ठेक्यावर पावलं काढायची. एकदा म्हणाले, "गणपतराव, जरा चालून दाखवा." माझा डावा पाय लहानपणापासून ओढतो. मी चाललो, पण बजावलं, "लंगडं अस्वल दाखवलंत तर इथली पायरी चढणार नाही."

मास्तर नुसते हसले. मग मीही पायरी चढलो नाही, फिल्म बघितली नाही.

आता मास्तर नाहीत आणि मला खुर्चीतून उठवत नाही. माणूस थांबतो तेव्हा त्याची चाल कुठे जाते, कोण जाणे.

"आजोबा, ह्याचा एक पाय ओढतोय," नात म्हणाली.

"आवाज लाव."

ढोलकी माझीच होती. पण ओढत्या पावलावर मास्तरांनी थाप ठेवलीच नव्हती. तिथे माझी चप्पल फरशीवर घासत होती. म्हणजे त्या दिवशी टेप चालू होती. खोलीत कुणीतरी येरझारा घालतंय असं वाटलं, आणि माझी चप्पल तर कॉटखाली धूळ खात पडलेली.

"बंद करू का?" नातीने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "घरी पोचू दे त्याला."