नानांची पेन्सिल

आकडा आजचा की कालचा हे नुसत्या वासावरून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, ते आमचे नाना. जळगावहून रेल्वेने केळी पाठवणाऱ्या एका संस्थेत आमची टेबलं शेजारी होती, आणि पिंप्राळ्यात घरंही जवळ, त्यामुळे रोज त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी ऑफिसला जात असे. नानांच्या मते माहिती दोनच प्रकारची, मुरलेली आणि ताजी. कोणत्या गावात कोणाची बाग, किती झाडं, हे मुरलेलं. ते वहीतून शाईने उतरवायचं. आज घड किती कापताहेत हे ताजं. ते सकाळी फोन करून विचारायचं, पेन्सिलीने लिहायचं आणि शेजारी वेळ टाकायची. दोन्ही एकाच तक्त्यात, पण कोणतं कुठलं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. त्या तक्त्यावरून वॅगन मागवल्या जात.

ही शिस्त ऑफिसपुरती राहिली असती तर काकू सुखी झाल्या असत्या. काल पेट्रोल भरलं हे मुरलेलं, म्हणून नाना रोज वाटेत स्कूटर थांबवून टाकीत डोकावत. काकू रागावल्या की नाना म्हणत, "हिचा राग मुरलेला आहे, कारण तेवढं ताजं." त्यांच्या पुतणीसाठी पाचोऱ्याला स्थळ पाहायला गेलो तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे."

"हे केव्हाचं?" नानांनी विचारलं.

"केव्हाचं म्हणजे? नेहमीचंच!"

"म्हणजे मुरलेलं. आत्ता कुठंय तो?"

मुलगा घरामागे बिडी ओढताना सापडला. परतीच्या वाटेवर नाना पुतणीच्या नशिबावर नाही, स्वतःच्या पद्धतीवर खूश होते.

नव्वदच्या मागेपुढे ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि पुण्याला जाऊन शिकून आल्यामुळे तो माझ्या ताब्यात आला. नानांची वही मी त्यात भरली. ताजे आकडे ते चिठ्ठीवर लिहून देत, मी रोज घालत असे. पहिला कागद छापून निघाला तेव्हा नानांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

"यातलं मुरलेलं कोणतं रे?"

"नाना, मशीनला सगळं सारखंच."

"मशीनला असेल. केळीला नाही."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

एके दिवशी चेअरमन मशीन पाहायला यायचे होते. सकाळीच रावेरकडून फोन आला आणि पलीकडचा आवाज माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला, "नाना, गावमा मयत व्हयनी, आज कापनी बठ्ठी बंद शे!" नानांनी चिठ्ठी लिहिली, ‘कापणी बंद, ९.४०’, आणि माझ्या हातात दिली. तेवढ्यात चेअरमनची गाडी दारात आली. मी चिठ्ठी शर्टाच्या खिशात टाकली आणि आदल्या दिवसाचेच आकडे ठेवून तक्ता छापला. तक्ता फार सुंदर दिसत होता. दुपारी रिकाम्या वॅगन स्टेशनात उभ्या राहिल्या.

चेअरमन नानांवर कडाडले. नाना म्हणाले, "साहेब, मी चिठ्ठी दिली होती."

"कुठे आहे चिठ्ठी?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी मशीनकडे पाहत राहिलो.

नानांची बदली सोनगीरला झाली, हायवेवरच्या बारदानाच्या गोदामात. तिथे फोन नव्हता.

महिन्याभराने ती चिठ्ठी खिशात घेऊन मी धुळ्याला गेलो आणि तिथून दुसऱ्या एसटीने सोनगीरला. नानांनी चहा मागवला. समोरच्या किल्ल्यावर आत्ता किती बकऱ्या आहेत ते कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, शेजारी वेळ. "सराव राहावा म्हणून," ते म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "कसा आहेस?"

"बरा आहे, नाना."

"मुरलेलं की ताजं?"

चिठ्ठी काढायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "ताजं." नाना हसले आणि माझ्या बशीत अजून थोडा चहा ओतला. त्यांना ठाऊक होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

आता नाना नाहीत, चेअरमन नाहीत. चिठ्ठी आहे. शिसं पुसट झालंय, पण ९.४० अजून वाचता येतं. चूक माझी होती, नानांची नव्हती. हे मी पेन्सिलीने लिहितो आहे. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत.