दानम्माची शेजारीण

बहात्तरच्या दुष्काळात देवणीकडच्या एका खेड्यातून चंद्रप्पा आणि दानम्मा लातूरला आले, तेव्हा त्यांच्यापाशी एक पत्र्याची ट्रंक आणि कडेवरचा भीमाशंकर, एवढाच संसार होता. दावणीची गुरं चाऱ्यावाचून खाली बसली ती उठलीच नव्हती.

गंजगोलाईच्या मागं तेलगल्लीत त्यांना खोली मिळाली. वरच्या अंगाला लिंगायत दुकानदारांची घरं, मधी कोष्ट्यांची, खालच्या अंगाला टांगेवाले आणि पिंजारी. गल्लीतल्या गोरगरीब बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. दानम्माही गेली आणि पहिल्याच दिवशी हातोड्यानं अंगठा ठेचून घेऊन रडत बसली. शेजारच्या बाईनं आपल्या लुगड्याचा काठ टरकावला आणि अंगठा करकचून बांधला.

"रो नक्को गे," ती म्हणाली. "पत्थर को गाली देती जा. हात आपोआप चलता."

ती खातूनबी. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या टांगेवाल्याची बायको. संध्याकाळी दोघी शिव्या देत, हसत घरी आल्या.

तेव्हापासून त्यांचं जमलं. दानम्मा गळ्यात लिंग बांधणारी, खातूनबीच्या घरचं शिजवलेलं खात नसे. खातूनबीनं त्याचं कधी मनाला लावून घेतलं नाही. तिनं दानम्मासाठी एक पितळी पेला वेगळा ठेवला आणि त्यातून ती तिला चहा द्यायची. दानम्माला लाज वाटायची, पण पेला बाजूला सारून त्यांच्या कपात चहा घ्यायचं धाडस काही तिला झालं नाही. गल्लीतल्या पोरांना मात्र असली बंधनं नव्हती. किराणा दुकानदाराचा विरूपाक्ष बिनआईचा. त्याला गोवर निघाला तेव्हा बाप दुकानात, म्हातारी आंधळी. खातूनबीनंच त्याला मांडीवर घेऊन भरवलं. चाची, चाची करत तो पुढं वर्षभर तिच्या चुलीपासून हलला नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गोलाईवर रोषणाई झाली, पेढे वाटले गेले. चंद्रप्पाची तोवर स्वतःची पिठाची गिरणी झाली होती. त्यानं त्या दिवशी सगळ्या गल्लीचं दळण फुकट दळून दिलं. "आता आपलं गाव मोठं झालं," तो पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशीतून म्हणाला.

गाव मोठं झालं खरं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, कॉलेजं आणि शिकवण्या आल्या. गोलाईजवळच्या जागेला सोन्याचा भाव आला. वरच्या अंगाचे दुकानदार घरं विकून गावाबाहेर प्लॉट घेऊ लागले. रिक्षा आल्या तसे टांगे बसले, आणि टांगेवाले दूर नाल्यापलीकडच्या वस्तीत गेले. कुणी कुणाला हाकललं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या माणसांकडं बिऱ्हाड नेलं, इतकंच. ब्याण्णवच्या डिसेंबरानंतर मात्र ही बिऱ्हाडं फार भराभर उठली. एका सणाला दानम्मानं पुरणपोळ्या केल्या आणि नेहमीसारखं ताट झाकून दारात आली, तर द्यायला गल्लीत खातूनबीशिवाय कुणी उरलं नव्हतं.

चंद्रप्पा गेला. भीमाशंकर कचेरीत कारकून झाला होता. त्यानं गिरणी विकली आणि आपल्या लोकांच्या एका नव्या कॉलनीत घर बांधलं. गिरणीच्या जागी पोरांचं हॉस्टेल उभं राहिलं. खातूनबीही तोवर विधवा झाली होती. तिच्या खोलीवर मालकाचा डोळा होता. त्यानं नळ तोडला, मग संडासाला कुलूप लावलं.

कॉलनीत भीमाशंकरच्या भिंतीला लागून विरूपाक्षाचा बंगला होता. आता तो मोठा व्यापारी झाला होता. त्याच्या बंगल्यामागची खोली रिकामी होती आणि फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. दानम्माला वाटलं, देवानंच ही सोय केली. ती रिक्षा करून तेलगल्लीत गेली आणि खातूनबीला घेऊन आली. खातूनबीनं धुतलेलं पातळ नेसलं होतं, डोळ्यांत सुरमा घातला होता.

"विरूपाक्षा, वळखलास का? आपली खातूनबी," दानम्मा म्हणाली.

विरूपाक्ष उठून उभा राहिला. त्यानं खातूनबीला खुर्ची दिली, पाणी आणवलं, तब्येत विचारली. खोलीचं नाव निघालं तसा तो दानम्माला वऱ्हांड्यात घेऊन गेला.

"दानक्का, माझं काई न्हाई. पण ही कॉलनी हाय. लोक मलाच इथं राहू देणार न्हाईत."

"तुला गोवर निघाला होता..."

"व्हय, ठाव हाय. म्हणूनच बाहेर येऊन बोलायलोय." त्यानं मान खाली घातली. "खोली दिली गेली, असं सांगा त्यांना."

दानम्मा आत आली. तिला खोटं बोलायचं नव्हतं, खरं बोलवेना. खातूनबीनंच तिला सोडवलं.

"दूर पडता गे मेरेकू," ती उठत म्हणाली. "बाजार दूर, मशीद दूर. क्या करूं यहां?"

फाटकाशी ती पाटीकडं न बघता रिक्षात बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण पाटी कशाची आहे ते दानम्मानंच वाटेत हौसेनं सांगितलं होतं.

त्या रात्री दानम्मा मुलाशी भांडली. "अव्वा, मलाबी इथंच राहायचं हाय," एवढंच भीमाशंकर म्हणाला. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली. याचाच तिला पुढं सगळ्यात जास्त राग येत राहिला.

खातूनबी तिच्या लेकीकडं भोकरला निघून गेली. जाताना निरोप द्यायला आली नाही. दानम्मा तेलगल्लीत गेली तेव्हा खोली पाडून झाली होती. भोकरला जायचं ती म्हणत राहिली, पण गुडघे धरले आणि एवढ्या लांब तिला कुणी नेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बोहारीण दारावर आली. नाल्यापलीकडच्या वस्तीतली होती. जुन्या साड्या चाळवताना बोलता बोलता म्हणाली, "वो टांगेवाले की खातूनबी नै क्या, गुजर गई. रमजान के पैले."

रमजान होऊन तीन महिने लोटले होते.

बोहारीण गेल्यावर दानम्मा कुणाला तरी सांगावं म्हणून कॉलनीच्या रस्त्यावर आली. एका घरापुढं बाया पापड वाळवत होत्या. चांगल्या बाया होत्या, तिच्याच देवाच्या, तिच्याच जातीच्या. त्यांनी तिला बसायला पाट दिला. पण त्यातल्या एकीनंही कधी खातूनबीला पाहिलं नव्हतं.

"काय झालं, मामी?" एकीनं विचारलं.

"काई न्हाई," दानम्मा म्हणाली, आणि त्यांच्यासोबत पापड उलटायला लागली.