आठ्या

सुतारकामाच्या कारखान्यात त्याला सगळे ‘आठ्या’ म्हणत. करवतीच्या मशीननं उजव्या हाताची दोन बोटं नेली, उरली आठ. पट्टी बांधलेला हात घेऊन तो कामावर परतला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “या आठ्या, या!” आणि सगळ्यांत मोठ्यानं आठ्या स्वतःच हसला. रडण्यापेक्षा ते बरं वाटलं. तेच अंगाशी आलं. त्या एका हसण्याच्या जोरावर पुढे कितीतरी वर्षं हे नाव चाललं.

मग एकदा कपाट न्यायला एक वयस्कर बाई आल्या. फोनवर कुणीतरी त्यांना ‘आठ्याला भेटा’ म्हणून सांगितलेलं. त्यांना वाटलं, आडनाव असेल.

“आठ्ये साहेब कोण?”

“मीच,” म्हणत त्यानं हात वर केला. बाईंनी हात पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. “माफ करा हो, मला खरंच माहीत नव्हतं.” मागे हशा पिकला.

बाई गेल्यावर तो मिस्त्रीकडे गेला. “ते नाव आता बंद करा.”

“बघा, आठ्याच्या कपाळाला आठ्या!” पॉलिशवाला ओरडला.

मिस्त्री म्हणाला, “इतकी वर्षं चाललं, आज काय मुंगी चावली? माणसानं इतकं हळवं असू नये. मला नाही का हे लंबू म्हणत?”

“तुमची उंची मशीननं कापली नव्हती.”

मिस्त्रीला ते झोंबलं. “तुझी बोटं भुशातून मी शोधली. तुला उचलून दवाखान्यात मी नेलं. आणि आज मीच वाईट?”

ते खरंच होतं. उपकार आणि चेष्टा एकाच माणसाकडून आली, की भांडायचं तरी कसं?

घरी बायको म्हणाली, “मग आधीच का नाही बोललात?”

तो उखडला. “तेव्हा बोललो असतो तर तेव्हाच हळवा ठरलो असतो. नाही बोललो, म्हणून आज ठरलो!”

दुसऱ्या दिवसापासून नवीनच सुरू झालं. “साहेब, जरा रंधा देता का?” “साहेबांना खुर्ची द्या रे!” त्यानं काही दिवस दातओठ खाऊन सोसलं. मग एका दुपारी हातातला रंधा बाकावर आपटला.

“नाव आहे मला! आईबापांनी ठेवलेलं!”

‘साहेब’ थांबलं, पण नाव काही कुणाच्या तोंडी आलं नाही. आता नुसतं ‘अहो’, नाहीतर ‘ते’. फळीचं दुसरं टोक धरायला तो हवा असला, की मिस्त्री फळीवर पेन्सिल ठोकतो.

“नाव घेतलंत तर जीभ झडेल का?” त्यानं शेवटी विचारलं.

मिस्त्री खाली बघत पुटपुटला, “जिभेवर बसत नाही रे. घ्यायला गेलं की कुणा परक्याला हाक मारल्यासारखं वाटतं.”

“मग बसवा,” तो म्हणाला आणि फळीचं टोक उचललं. फळी जड होती. दोघांनी ती मशीनपर्यंत नेली.