कॉर्डेलच्या माथ्यावर लिओटाचा मुक्काम

मी नालबंद आहे. माणसांशी माझं फारसं पटत नाही. खेचरांशी पटतं, कारण खेचर लाथ मारायच्या आधी निदान कान मागे पाडून सांगतं तरी. आमच्या कॅडी क्रीक गावात लाथेआधी कान पाडणारं माणूस एकच, लिओटा हॅसकल. म्हणून तिच्या जनावरांना नाल ठोकायला मी कधी का-कू केलं नाही.

लिओटा तरुणपणापासून जंगलखात्यासाठी खेचरांवरून सामान वाहायची. कॉर्डेल शिखराच्या अगदी माथ्यावर लाकडाची एक खोली आहे, चारही बाजूंनी नुसत्या खिडक्या. तिथे उन्हाळाभर टेहळ्या बसायचा आणि रानात कुठे धुराची रेघ दिसली की रेडिओवरून खाली कळवायचा. त्या खोलीतली लोखंडी चूल, खाट, सरपण, बटाटे, टेहळ्याचं प्यायचं पाणीसुद्धा लिओटाच्या खेचरांच्या पाठीवरूनच वर गेलं. टेहळे आले, म्हातारे झाले, गेले. लिओटा माल उतरवायची, उभ्याउभ्या कपभर कॉफी प्यायची आणि उजेड आहे तोवर परत फिरायची.

फिरावंच लागे. माथ्यावर पाण्याचा थेंब नाही. माणसाला डबाभर पाणी पुरतं, खेचरांच्या रांगेला पुरत नाही. त्यांना पाजायचं तर अर्ध्या वाटेवरच्या झऱ्याला उतरायलाच हवं. आधी जनावराचं पाणी, मग आपलं पोट, हे सामान वाहणाऱ्यांचं ब्रीद. दुसरं ब्रीद त्याहून कडक: आपली रांग दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. नवरा असला तरी नाही. लिओटाचा नवरा बिचारा होता तोवर तिच्या खेचरांना लांबूनच नमस्कार करायचा.

म्हणजे जी खोली तिने काडीकाडीने भरली, तिथे तिने स्वतः एक रात्र काढली नाही. तिला काढायची होती, हे मात्र गावाला पक्कं ठाऊक होतं. कारण एकदा तिने प्रयत्न केला होता आणि तो असा फसला, की आमच्या गावाला पुढची कित्येक वर्षं दुसरी करमणूक लागली नाही.

त्या वर्षी माथ्याखालच्या घळीत बर्फ बराच काळ टिकला होता. वितळलेलं पाणी साचून जनावरांची सोय झाली, तेव्हा लिओटाने मुक्काम ठरवला. आता खेचरं माणसामागे चालत नाहीत, ती चालतात एका घोडीमागे. घोडीच्या गळ्यात घंटा असते. ती घंटा कानावर पडतेय तोवर खेचरं मोकळी सोडली तरी कुठे जात नाहीत. लिओटाने घोडी नीट बांधली. पण एवढ्या हौसेची रात्र, झोप तरी सुखाची लागावी, म्हणून बाईने घोडीच्या गळ्यातली घंटा काढून ठेवली. तेवढ्यात धुकं उतरलं. घोडी दिसेना, घंटा ऐकू येईना. खेचरांनी विचार केला असेल, चला, घोडी घरी गेली, आपणही जाऊ. मोकळी खेचरं एकामागोमाग गावात शिरली, तेव्हा लोकांना वाटलं, लिओटा दरीत पडली. दोर, कंदील, डॉक्टर असा सगळा लवाजमा डोंगराला निघाला, आणि वाटेत त्यांना समोरून लिओटा भेटली, घोडीवर बसलेली, रागाने लालबुंद.

तेव्हापासून कॅफेत तिने पाऊल टाकलं की कोणीतरी विचारायचंच, "काय लिओटा, आज घंटा घातलीस का?"

"घातलीय," ती म्हणायची, "तुझ्या बायकोने मागितली होती तुझ्यासाठी. नाही म्हटलं मी."

पुढे टेहळ्यांचे दिवस सरले. बऱ्याच शिखरांवर कॅमेरे बसले, दोनचार ठिकाणीच माणसं उरली. कॉर्डेलची खोली जुनी म्हणून जपली आणि हौशी लोकांना रात्रीपुरती राहायला देऊ लागले. शहरातली पोरं पाठीवर पिशव्या बांधून चढायची, उतरल्यावर कॅफेत बसून तिथल्या पहाटेचं कौतुक करायची. लिओटाचा गुडघा तोवर कामातून गेला होता आणि खात्याचं कामही थांबलं होतं. ती शेजारच्या टेबलावर बसून ऐकायची. एकदा मला म्हणाली, "वेंडल, मी वाहून नेलेल्या खाटेवर सगळं जग झोपून आलं. मी सोडून." मी खेचरांच्या खुरांचा विषय काढला.

मग गेल्या हिवाळ्यातल्या वादळाने त्या खोलीच्या फळ्या उचकटल्या आणि साऱ्या काचा फोडल्या. खात्याने कुलूप ठोकलं. मोडक्या खोलीत राहायला परवानगी नाही. आणि पहिला बर्फ पडला, की ती जाळून टाकायची असं ठरलं. मोडकळीला आलेल्या खोल्या बर्फातच जाळतात, म्हणजे ठिणगी उडाली तरी रान पेटत नाही. हां, त्याआधी कोणी काचा बसवल्या तर खोली राहील, असंही खात्याचा साहेब म्हणाला. हे म्हणणं सोपं होतं. कॉर्डेलच्या रानात इंजिनाला बंदी आहे. तिथे ना गाडी जात, ना हेलिकॉप्टर उतरत. काचा जाणार कशा? खेचरावर. आणि खेचरावरून पुरुषभर उंचीच्या काचा कोण नेणार?

"मी," लिओटा म्हणाली. "पण पहिली रात्र माझी."

साहेब हसला. "तुम्ही काचा तरी पोचवा. पहिलीच काय, हवी ती रात्र घ्या."

सगळा ऑगस्ट लिओटा खेचरांवर अंडी लादून गावात फिरली. खोटं नाही सांगत. काचेच्या मापाच्या लाकडी चौकटी बनवल्या, त्यांत गवत भरलं, गवतात अंडी ठेवली, आणि ओढ्यातून, दगडांवरून, चर्चच्या पायऱ्यांवरून रांग फिरवली. दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसलं की खोगीर घसरतं, खोगीर घसरलं की खेचर भडकतं. सुरुवातीचे दिवस कॅफेतल्या बर्ट्राने फुटक्या अंड्यांची आम्लेटं करून सगळ्या गावाला फुकट खाऊ घातली.

"लिओटा, उद्या जरा जास्त फोड," बर्ट्राचा नवरा म्हणाला, "पाहुणे येणार आहेत."

"तुझ्या डोक्यावर फोडते. पोकळ आहे, आवाज चांगला येईल."

शेवटच्या आठवड्यात आम्लेटं बंद झाली. अंडी जशी जायची तशी परत यायची, आणि लोक लिओटाला चिडवताना जरा आवाज खाली ठेवू लागले.

सप्टेंबरात आम्ही निघालो. पुढे लिओटा, तिच्या डचेस घोडीवर. मागे काचांची खेचरं, त्यांच्या मागे मी, आणि सगळ्यांत शेवटी पायी रेनफ्रो भाऊ, दोघेही सुतार, दोघेही सतत भांडणारे. वाटभर लिओटाने मागे वळून पाहिलं नाही. घंटेच्या आणि खुरांच्या आवाजावरून तिला मागचं सगळं कळत होतं. झऱ्यावर जनावरांना पोटभर पाजलं आणि पुढच्या अरुंद कड्यावर ती एकदम थांबली. वाटेच्या मधोमध जमिनीतून गांधीलमाश्या वर येत होत्या. खाली त्यांचं पोळं होतं. एरवी अशा ठिकाणी जनावरं दामटून पुढे काढतात. पण दामटलेल्या खेचरावर काच टिकेल का? आणि वळायला तिथे जागा नव्हती.

लिओटा उतरली. त्या दुखऱ्या गुडघ्याने वरच्या घसरड्या उतारावर चढली, पायाने दगड दाबून दाबून पाहिले, आणि एकेका खेचराला हाताने धरून पोळ्याच्या वरच्या अंगाने वळसा घालून नेलं. मी माझं शेवटचं खेचर धरून जाताना तोंडातल्या तोंडात सगळ्या संतांची नावं घेतली. ती मात्र खेचरांना शिव्या देत होती, अगदी लाडाच्या आवाजात.

दुपारी आम्ही माथ्यावर होतो. चौकटी उघडल्या. एकही काच तडकलेली नव्हती! थोरल्या रेनफ्रोने धाकट्याला मिठी मारली, आणि मिठी मारता मारता त्याच्या कोपराने एक काच फुटली. लिओटा काय बोलली ते इथे लिहीत नाही. जास्तीची एक काच तिने आणली होती, म्हणून निभावलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या खिडक्या लागल्या, चुलीत जाळ झाला, खोलीला पुन्हा खोलीपण आलं. रेनफ्रो भाऊ खालच्या खिंडीत तंबू ठोकायला निघाले. "पहिली रात्र तुझी," दोघेही म्हणाले. त्यांचं एकमत झालेलं मी तेव्हाच प्रथम ऐकलं.

आणि लिओटाने कोट चढवला.

"कुठे?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? जनावरं तहानली आहेत. झऱ्यावर उतरते."

"आणि मुक्काम?"

"काचा लागल्या ना. खोली वाचली. झालं." ती घोडीचा पट्टा आवळू लागली. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

मला असा राग आला, की काय सांगू. एवढा डोंगर चढून, एवढी अंडी फोडून, ही बाई सवयीने परत फिरणार! मी तिच्या हातातला लगाम धरला. तिनेही धरून ठेवला. दोन म्हातारी माणसं एका लगामासाठी ओढाताण करतायत, आणि घोडी मधून दोघांकडे बघतेय.

"माझी रांग मी कोणाला देत नाही, वेंडल."

"मी कोणी परका नाही. या प्रत्येकाचे चारही खूर माझ्या मांडीवर वाढलेत. तुझ्याआधी ते मला ओळखतात."

"ते तुला लाथा मारतात."

"ओळखल्याशिवाय मारतात का?"

ती हसली नाही. खेचरांकडे बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचं तिने सोडून दिलं. "मला फार राहायचंय रे इथे," ती म्हणाली. आणि लगाम सोडला.

पण घोडी हलेना, म्हणून खेचरंही हलेनात. लिओटा दारात उभी, जनावरं तिच्याकडे बघत उभी. मी ओरडलो, "आत जा आणि दार लाव!" ती आत गेली, खिडक्यांतून दिसू नये म्हणून जमिनीवर बसली. ज्या काचा लावायला एवढा खटाटोप केला, त्यांच्याच खाली बाई दडून बसली होती. मग मी डचेसला चुचकारलं. घंटा वाजली, आणि रांग माझ्यामागे निघाली. त्या वाटेने, पोळ्याला पुन्हा वळसा घालून, मी असा उतरलो, जसा कोणी दुसऱ्याचं तान्हं मूल घेऊन उतरावं.

झऱ्यावर सगळी पोटभर प्याली. मी घोडी बांधली, घंटा अर्थातच गळ्यातच राहू दिली, आणि तिथेच आडवा झालो.

सकाळी डोळे उघडले ते उजेडाने. समोरच्या डोंगरामागून सूर्य वर आला होता आणि कॉर्डेलच्या माथ्यावर खोली पेटलेली होती. मी जोडे शोधू लागलो. मग कळलं, काचा. सगळ्या काचांनी एकाच वेळी ऊन घेतलं होतं. मी उठून टोपी काढली आणि एकटाच मोठमोठ्याने ओरडलो. खेचरांनी कान टवकारले.

खात्याने आम्हाला दोन छोटे रेडिओ दिले होते, एक वर, एक माझ्याकडे. सकाळची हजेरी सुरू झाली. माणसं असलेली जी थोडी शिखरं उरली आहेत, त्यांची नावं खालच्या ऑफिसातली मुलगी रोज पुकारते आणि वरून एकेक जण "हजर" म्हणतो. हजेरी संपली. तेवढ्यात खोऱ्यापलीकडच्या बॅनर शिखरावरचा म्हातारा टेहळ्या बोलला, "ऑफिस, कॉर्डेलवर काहीतरी चमकतंय. धूर नाही. खिडक्या दिसतायत."

"कॉर्डेल बंद आहे," मुलगी म्हणाली. "यादीत नाही."

रेडिओ खरखरला. मग लिओटाचा आवाज आला, जरा घोगरा, पण ठणठणीत.

"यादीत घाल. कॉर्डेल. लिओटा हॅसकल. मुक्कामाला आहे."

मग बॅनरवरचा म्हातारा म्हणाला, "गुड मॉर्निंग, कॉर्डेल." त्याच्यामागून दुसऱ्या शिखरावरची बाई म्हणाली, "गुड मॉर्निंग, कॉर्डेल." मग तिसरं शिखर बोललं, मग चौथं. ऑफिसातली मुलगी बावरली होती. तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही खाली कधी उतरणार, म्हणजे मी तशी नोंद करते."

"आज नाही," लिओटा म्हणाली. "आणि झऱ्यावर वेंडल असेल, त्याला म्हणावं, खेचरं घरी ने. मला घाई नाही."

मी ऐकत होतो. घोडी सोडली, आणि लिओटा हॅसकलची रांग घेऊन, तिच्याशिवाय, भर दिवसा, मान वर करून गावात शिरलो.