रुंद रस्त्यावरचं जेट

लातूरच्या ज्या शाळेत विशाखाबाई खेळ शिकवत, तिथे खेळाचा तास फक्त वेळापत्रकात उरला होता. गुरुवारचा शेवटचा तास, नववी ब. घंटा झाली की दारात कुणीतरी उभं असायचंच. कधी गणिताच्या बाई, कधी विज्ञानाचे सर. "मॅडम, आजचा एक दिवस द्या. धडा राहिलाय." हा आजचा एक दिवस जूनपासून मार्चपर्यंत चालायचा. मुलंही कुरकुरत नसत. शाळा सुटली की त्यांना थेट क्लास गाठायचा असे, आणि अर्धं मैदान तर त्या क्लासच्याच दुचाक्यांनी व्यापलेलं होतं.

बाई मूळच्या नांदेडच्या. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून भाला फेकायच्या. लग्न ठरलं तेव्हा सासरच्या एका मावशींनी चौकशी केली होती, "मुलगी काय करते?"

"भाला फेकते," नांदेडच्या काकांनी अभिमानानं सांगितलं.

मावशींनी जरा विचार केला. "आणि स्वयंपाक?"

स्वयंपाकही बरा जमला. भाला मात्र माहेरच्या माळ्यावर राहिला. नवरा रेणुकादास, लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे. या गावात भौतिकशास्त्राच्या सरांना डॉक्टरच्या बरोबरीनं नमस्कार मिळतो. दुकानदार पैसे घेता घेता विचारतो, "सर, आमच्या पोरीचं होईल का?" बाईंना असं कुणी काही विचारत नसे. त्या रिकाम्या तासाला क्रीडासाहित्याच्या खोलीत, फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेल्या चेंडूंच्या मधोमध बसून राहायच्या. मोबाइलवर एकदा फोमचं विमान बनवणारा कुणी दिसला. बाईंनी ते तीनदा पाहिलं आणि चौथ्यांदा हातात कटर घेऊनच पाहिलं.

पहिलं विमान साधं होतं, नाकावर पंखा असलेलं. गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटांवर रविवारी सकाळी त्या ते उडवायला शिकल्या. पाडलं, चिकटवलं, पुन्हा पाडलं. अख्खा उन्हाळा असा गेला, आणि शेवटी विमान बाईंच्या मनासारखं वळायला लागलं. पण त्यांना हवं होतं ते जेट. जेटच्या नाकावर पंखा नसतो. तो पोटातल्या नळीत बसवलेला असतो, पुढून हवा ओढतो आणि मागून झोकून देतो. नाक मोकळं, निमुळतं. भाल्यासारखं.

फोम आयता मिळाला. निकाल लागले की क्लासबाहेरचे गुणवंतांचे जुने फलक उतरतात आणि नव्या गुणवंतांचे चढतात. फोमच्या शीटवर चिकटवलेले ते मोठाले हसरे चेहरे टेम्पोत भरताना बाईंनी पाहिले आणि रिक्षा थांबवली.

"हे घेऊन काय करणार?" रेणुकादासांनी विचारलं.

"सोलणार."

वरचा छापील कागद हलक्या हातानं ओढला की खाली पांढराशुभ्र फोम निघायचा, फुलक्याइतका हलका. जेवणाचं टेबल गेलं. घरचे जमिनीवर बसून जेवू लागले. बाई केस वाळवायच्या यंत्रानं फोम तापवून टेबलाच्या कडेवर वाकवायच्या, पंखांच्या कडा पॉलिश पेपरनं घासायच्या. मागची नळी त्यांनी जुन्या पारदर्शक फाइलींची वळली. पंखा, मोटर, बॅटरी कुरिअरनं आली. पहिल्यांदा पंखा सुरू केला तेव्हा इतका आवाज झाला की खालच्या मजल्यावरच्या काकू मिक्सर बिघडला म्हणून आपलंच बटण बंद करून आल्या.

रेणुकादास येता-जाता डोकावायचे. जोर किती, वजन किती, वेग किती लागेल याचं गणित त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि विमान दोन बोटांच्या टोकांवर तोलून बॅटरी थोडी पुढे सरकवली. तोल कुठे यायला हवा हे त्यांच्या बोटांना कळायचं. भाल्याची मूठही तिथेच असते.

विमान तयार झालं त्याच आठवड्यात मुख्याध्यापक निवृत्ती सर क्रीडाखोलीत आले. मऊ बोलणारा माणूस, त्यामुळे वाईट बातमी सांगायला त्यांना वेळ लागायचा. आधी त्यांनी जाळ्यांकडे पाहिलं, मग चेंडूंकडे.

"मॅडम, दिवाळीनंतर गुरुवारचा तास जाईल असं दिसतंय. कागदावरूनच जाईल. पालक संस्थेत जाऊन बसलेत. जादा भौतिकशास्त्र मागतेत."

"पण माझ्याकडे एवढाच एक तास आहे, सर."

"तेच तर." सरांची नजर कपाटावरच्या पांढऱ्या विमानाकडे गेली. "हे काय?"

बाईंनी सांगितलं. त्यांना काय करायचंय तेही सांगितलं. मुलांना गुरुवारी बाहेर काढायचं, बनवायला लावायचं, पळायला लावायचं, फेकायला लावायचं.

"उडतं का?"

"उडेल."

"उडेल न्हाई मॅडम, उडतं का?" सरांच्या बोलण्यात गाव डोकावलं की ते खरं बोलताहेत असं समजायचं. "संस्थेपुढं मला काहीतरी दाखवावं लागतं. मी डोळ्यांनी उडताना पाहिलं, मोबाइलवर घेतलं, तर तास वाचवतो. शब्द देतो. न्हाई उडलं तर मात्र माझ्या हातात काही राहत नाही. रविवारी मी गावी हाय, सोयाबीनच्या कामाला. तिकडंच या. आमचा रस्ता बघा एकदा."

रस्ता खरोखरच बघण्यासारखा होता. सरांचं गाव निलंग्याच्या बाजूचं. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव गेलं आणि नवं गाव माळावर आखणी करून बसवलं. घरं लांब लांब, आणि मधून एवढा रुंद रस्ता की बैलगाडीला आपण हरवलो असं वाटावं. परत कधी भिंती पडल्या तर माणसाला पळायला जागा हवी, असा त्यामागचा विचार. ऑक्टोबरात त्या रस्त्याच्या अर्ध्या भागावर सोयाबीन वाळत पडलेलं होतं आणि त्याच्या राखणीला हातात काठी घेऊन सरांची चुलती धोंडाबाई बसली होती.

"निवृत्ती, ही बाई इमान घेऊन आली म्हणतेत. ह्यात बसणार कोण?"

"कुणी बसत नसतं, काकू. खालून चालवतेत."

"मग ते जातंय कुठं?"

"कुठंच नाही. वर जातंय आन् माघारी येतंय."

"मग आमच्या शेळ्या बऱ्या," धोंडाबाई म्हणाली. "माघारी येताना चरून तरी येतेत."

बघता बघता पंधरावीस माणसं जमली. एकानं सांगितलं, हा रस्ता केला तेव्हाच आम्ही म्हणलो होतो, सरकार इथं इमानतळ करणार हाय. दुसरा म्हणाला, शेजाऱ्याला हाक ऐकू जात न्हाई म्हणून तर गावात मोबाइल आधी आले.

बाईंनी जेट रस्त्यावर ठेवलं. खाली तीन छोटी चाकं होती. मागे उभं राहून त्यांनी रिमोटची डावी काडी हळूहळू वर नेली. पोटातला पंखा किंचाळला, शेळ्या पांगल्या, विमान धावलं. थोडंसंच. डांबराच्या खडीवर चाकं अडखळली, एका चाकाखाली सोयाबीनचे दाणे आले आणि जेट वाकडं होऊन सरळ राशीत घुसलं.

"हॅट," धोंडाबाईनं काठी आपटली, जशी शेळीवर आपटतात.

बाईंबरोबर आलेले रेणुकादास पुढे झाले. "चाकांचं घर्षण मी धरलंच नव्हतं."

"का बरं?"

"आमच्या गणितात ते नगण्य मानतात."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. दोनदा झाडून बघितलं, दोनदा तेच झालं. शेवटी त्यांनी कटरनं चाकं कापून टाकली. चाकांची पट्टी निघाली तिथे विमानाच्या पोटाला एक खोबण राहिली.

"हातानं सोडावं लागेल. मी चालवते, तुम्ही सोडा. जोरात. सरळ, जरासं वर."

रेणुकादासांनी विमान दोन्ही हातांत धरलं. पंखा पूर्ण जोरात सुरू झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि देवापुढे नैवेद्याचं ताट सरकवावं तसं ते पुढे केलं. विमान तितक्याच भक्तिभावानं खाली उतरलं. राशीतच.

लोक हसले. रेणुकादासही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. या वेळी पंखा थांबताना आतून खडखड झाली. बाईंनी नळीत बोट घालून एक दाणा काढला, पंख्याची पाती एकेक करून नखानं चाचपली. सगळी शाबूत होती. पहिली बॅटरी मात्र संपत आली होती. आता दुसरी होती, आणि ती शेवटची.

"मॅडम, राहू द्या," निवृत्ती सर हळूच म्हणाले. "तुम्ही प्रयत्न लई केला. मी सांगतो संस्थेला, प्रयत्न केला म्हणून."

प्रयत्न केला, हे शब्द बाईंनी निकालाच्या दिवसांत पुष्कळ ऐकले होते. ते कुणाला म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी विमान उचललं. पोटाच्या खोबणीत बोटं बसली. तोल बरोबर तिथेच होता. हात आपसूक मागे गेला, खांदा उघडला, आणि काय करायचं ते कळलं. हे विमान इथे फक्त त्याच फेकू शकत होत्या. आणि चालवूही त्याच शकत होत्या. दोन्ही एकदम जमायचं नव्हतं. फेकायचं म्हणजे धावायचं, धावायचं म्हणजे रिमोट दुसऱ्याच्या हातात.

उन्हाळाभर लॅपटॉपवर विमान उडवायच्या सरावात रेणुकादासांनी इतकी विमानं पाडली होती की बाईंनी त्यांना लॅपटॉपच्या आसपास फिरकायची बंदी केली होती. त्यांनी रिमोटचा पट्टा नवऱ्याच्या गळ्यात घातला.

"अगं, मला नाही जमायचं."

"डावी काडी मी सांगितल्यावर पूर्ण वर. उजव्या काडीला हात लावायचा नाही."

"नाक खाली गेलं तर?"

"तरी नाही."

"पण मग मी करायचं काय?"

"काहीच नाही. मी परत येईपर्यंत काहीच करायचं नाही. जमेल?"

वर्गात प्रत्येक प्रश्नाला तीन रीतींनी उत्तर देणाऱ्या माणसाला यापेक्षा अवघड काही सांगता आलं नसतं. त्यांनी मान हलवली.

बाईंनी ओढणी कमरेला बांधली आणि चपला काढून धोंडाबाईशेजारी ठेवल्या. थोडं मागे गेल्या. "वर," त्या म्हणाल्या. पंखा किंचाळू लागला. हातातलं विमान जिवंत झाल्यासारखं पुढे ओढू लागलं. बाई धावल्या, आधी सरळ, मग शेवटची पावलं तिरकी, एक पाय दुसऱ्यापुढून टाकत. अशी पावलं त्या गावात कुणी पाहिली नव्हती. मग पाय रोवला, कंबर वळली, आणि इतक्या वर्षांत कशालाच न वापरलेला तो दंड डोक्यावरून पुढे आला.

विमान सुटलं. क्षणभर ते थोडं दबलं. रेणुकादासांचा अंगठा उजव्या काडीपर्यंत गेला, पण तिला लागला नाही. मग पंखांखाली हवा भरली आणि ते चढू लागलं. विजेच्या तारांच्या वर, पाण्याच्या टाकीच्या वर.

बाई मागे वळून नवऱ्याकडे धावत सुटल्या. "द्या, द्या, द्या." पट्टा काढायला वेळ नव्हता. नवऱ्याच्या गळ्यातच असलेला रिमोट धरून, त्यांच्या छातीला जवळजवळ टेकून, बाईंनी विमान वळवलं. गावकऱ्यांना यात फार मजा वाटली. धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. जेट तुरीच्या शेतांवरून लांब वळसा घेऊन आलं, रस्त्याच्या मधोमध, डोक्यावरून शीळ घालत गेलं, आणि पंधरावीस माना एकदम वळल्या. बाई धावायला लागल्या तेव्हापासून निवृत्ती सरांनी मोबाइल धरला होता. हात हलू नये म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं होतं.

बॅटरी उतरायच्या आत बाईंनी पंखा बंद केला आणि विमान मळणीनंतरच्या भुशाच्या ढिगावर हलकेच टेकवलं.

पहिला आवाज धोंडाबाईचा आला. "इमान जाऊ दे. ती बाई पळत कशी आली, तेवढं पुन्यांदा दावा म्हणा."

"निघालं का व्हिडिओत?" रेणुकादासांनी विचारलं. पट्टा अजून गळ्यातच होता.

"निघालं की." निवृत्ती सरांनी मोबाइल खिशात ठेवला. "मॅडम, तास तुमचा. पण वेळापत्रकात नाव काय घालू? पालक पहिलं नाव बघतेत."

"उपयोजित भौतिकशास्त्र घाला," रेणुकादास म्हणाले. "एकही पालक हरकत घेणार नाही. वरून फी विचारतील."

सर हसले. त्यांनाही ते पटलेलं दिसलं. बाई भुशातून विमान काढत होत्या, फुंकर मारून नळी साफ करत होत्या. तळहात लाल झाला होता आणि खांदा आत्ताच ठणकू लागला होता.

"खेळ लिहा, सर."

"पालक विचारतील, खेळ कामून?"

"मग त्यांना व्हिडिओ दाखवा. विमानाचा नको. त्याच्या आधीचा."

निवृत्ती सरांनी रस्त्याकडे पाहिलं. धुरळ्यात बाईंच्या अनवाणी पावलांचे ठसे होते, शेवटचे लांब लांब पडलेले.

"बरं," ते म्हणाले. "खेळ."

"झालं का तुमचं?" धोंडाबाई काठी टेकून उठली. "झालं असंल तर समदे या. हे सोयाबीन विस्कटलंय कुणी? गोळा कोण करणार?"

मुख्याध्यापक, भौतिकशास्त्राचे सर आणि खेळाच्या बाई खाली वाकले आणि रस्त्यावर विखुरलेले दाणे हातानं ओढू लागले.