माझ्यामागे म्हणा

माझा वर्ग रस्त्यावरून ऐकू यायचा आणि मला त्याचा माज होता, आता लपवून काय करू! सकाळी खांदा कॉलनीतून रिक्षा पकडायची, विचुंब्याच्या पुढे उतरायचं, आणि पहिल्या तासाला मराठीचं पुस्तक उघडायचं. मी एक ओळ वाचून "माझ्यामागे म्हणा" म्हटलं, की तिसरीची सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ती ओळ म्हणायची. शेजारी नव्या इमारतीचा मिक्सर घरघरत असायचा, तरी आमचाच आवाज वर. गप्प वर्ग म्हणजे बाई आलेल्या नाहीत, असंच शाळेत सगळे धरून चालायचे. आता मी निवृत्त आहे आणि शाळेभोवतीची शेतंही गेली, पण तो गलका अजून कानात घुमतो.

त्या गलक्यात एक मुलगी उठून दिसायची. गावातल्या शेतकरी घरातली, दोन घट्ट वेण्या, खणखणीत आवाज. धडा वाचताना स्वल्पविरामालासुद्धा नेमकी थांबायची. तपासणीचे साहेब आले, पाहुणे आले, पालकसभा असली, की मी हिलाच पुढे करायचे. तिची आई दारात उभी राहून पदराने डोळे टिपायची. त्या घरातली कुठलीच बाई त्याआधी शाळेत गेली नव्हती.

मग आम्हाला वाचनाचं प्रशिक्षण लागलं. पनवेलमधल्या एका हॉलमध्ये तीन दिवस, आणि शिकवणारी माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, संशोधनातून असं दिसलंय की मुलांना आधी अक्षराचा आवाज ओळखायला आणि मग आवाज जोडून शब्द वाचायला मुद्दाम शिकवावं लागतं. शिवाय प्रत्येक मुलाला एकेकटं बसवायचं, कधीच न पाहिलेला मजकूर द्यायचा आणि ते काय वाचतं ते ऐकायचं. मी शेजारच्या बाईंच्या कानात म्हटलं, "बावीस वर्षं मी काय गोट्या खेळत होते?"

परत आले ती तणतणतच. म्हटलं, दाखवतेच आता. मधल्या सुट्टीत त्या हुकमी मुलीला व्हरांड्यात बसवलं आणि प्रशिक्षणातलं एक कार्ड तिच्या हातात दिलं. बकरीबद्दलच्या चार ओळी, चित्र नाही. तिने कार्ड छान धरलं, घसा साफ केला, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि गप्प बसली. "अगं वाच की, लाजतेस काय?" मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी समजूत घातल्यासारखी म्हणाली, "बाई, तुमी एकदा वाचा ना. मग मी वाचते."

अरे देवा! अख्खं पुस्तक तिला पाठ होतं, माझ्याच तोंडून ऐकून ऐकून. वाचता मात्र एक शब्द येत नव्हता, आणि आपण करतो ते वाचन नाही हे तिला ठाऊकही नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं होतं? इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती. पुढच्या वर्षी चौथी, मग मोठी शाळा. तिथे हिच्या आधी ओळ म्हणून दाखवायला कोण बसणार होतं?

तिच्या आईला बोलावलं. ती हसायलाच लागली. "काय बाई, चेष्टा करता! घरी तर धडाधड वाचते. चुकत नाय कुठं." मी वहीवर दोन साधे शब्द लिहून लेकीपुढे धरले. आई वाट बघत राहिली, मग तिचं हसू गेलं. मला वाटलं, आता मला बोलेल. ती लेकीचा हात धरून घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून "माझ्यामागे म्हणा" बंद. फळ्यावर अक्षरं, त्यांचे आवाज, दोन जोडा, तीन जोडा, आणि शब्द रोज नवे. मुलं जोडीजोडीने, बोट ठेवून, हळू वाचायची. मी खुर्ची सोडून एकेकाशेजारी बसायचे. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी डोकावले, "बाई, तब्येत बरी आहे ना? वर्ग गप्प कसा?" मी म्हटलं, "ठणठणीत आहे. तुम्ही तुमचं बघा."

हाल झाले ते त्या मुलीचे. कालपर्यंत पहिली असलेली पोर एकदम सगळ्यांच्या मागे पडली. एकेका शब्दाशी झटायची आणि पोरं फिदीफिदी हसायची. एकदा पुस्तक आपटून म्हणाली, "मला नाय येत. आधीचंच बरं होतं." खरं सांगते, मलाही आधीचंच बरं वाटत होतं. पुढचा शब्द माझ्या ओठावर यायचा आणि मी तो गिळायचे.

फेब्रुवारीत साहेब तपासणीला आले. आल्या आल्या म्हणाले, "तुमची ती हुशार मुलगी कुठाय?" कपाटातून गोष्टीचं एक कोरं करकरीत पुस्तक काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. ती वाचू लागली. अडत, मागे जात, पुन्हा शब्द धरत. गोष्टीतला उंट विहिरीत पडला तिथवर कशीबशी आली आणि साहेबांनी पुस्तक मिटलं. "वाचनाचा वेग घसरला आहे," असा शेरा मारून गेले. त्याखाली मी सही केली तेव्हा रागाने डोळ्यांत पाणी आलं होतं.

शाळा सुटली, पोरं पांगली. कपाटाला कुलूप लावायला गेले तर ती तिथेच फरशीवर बसलेली, तेच पुस्तक मांडीवर घेऊन, शेवटच्या पानावर.

"काय गं, घरी नाही जायचं?"

"बाई," तिने मान वर केली, "तो उंट विहिरीतून बाहेर कसा आला, माहिती हाय का तुमाला?"

ते पुस्तक मी कधी उघडलंही नव्हतं.

"नाही गं," मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. "सांग ना."